मद्रासेतील दोन अंधाऱ्या रात्री

७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम देशभर झाली, तशी ती चेन्नई बंदरात व कल्पाक्कम येथेही झाली. बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटताना आम्ही मराठी मंडळी पोळपाट-लाटणे विसरत नाही. वेळ आलीच तर हे बिऱ्हाड हलवावयाचे कोठे, हा विचार मात्र क्वचितच करतो. जुन्या मद्रासेस तो दोन महायुद्धांत दोनदा करावा लागला.

पहिल्या खेपेस अवसरच मिळाला नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका किनाऱ्याशी आली, तेव्हा शहराचे दिवे नित्याप्रमाणे लागलेले होते. तिने सुमारे १३० गोळे सोडले, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या पेटविल्या आणि ती निघून गेली. भेदरलेले लोक गाव सोडू लागले. नोव्हेंबरात नौका नष्ट झाली. तमिळ बोलीत मात्र ‘एम्डन’ हा शब्द बिलंदर माणसासाठी राहून गेला.

१९४२ ची गोष्ट निराळी. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण व काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. तेव्हा, ज्यांचे शहरात अगत्याचे काम नाही त्यांनी बाहेर जावे, असे सरकारनेच सांगितले. कचेऱ्या आतल्या गावी गेल्या. उच्च न्यायालय कोइमतूरला भरू लागले. पिंजरे फुटतील या भीतीने प्राणिसंग्रहालयातील हिंस्र पशूंना गोळ्या घालण्यात आल्या. सरकारच निघाल्यावर घरच्या कर्त्याने इतरांना धीर कोणत्या तोंडाने द्यावा?

काचांना कागद चिकटविणे, दिव्यांवर काळे आवरण घालणे, वाळूच्या बादल्या भरून ठेवणे ही तयारी सोपी (वाळूची तर मद्रासेस वाण नव्हतीच!). तांदळाची अवघड. रंगून पडताच ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. चार महिन्यांचे धान्य साठवावे तर बाजारभाव चढतो आणि शेजारी उपाशी राहतो. न साठवावे तर आपलीच चूल थंड. त्यातच एका बिऱ्हाडाची दोन झाली: बायकामुले आत, मिळवता माणूस शहरात; दोन भाडी, दोन चुली. तंजावर वा अर्काटकडे ज्यांचे घर, त्यांना निदान ओसरी होती. दक्षिणेत नोकरीस आलेल्या मराठी माणसाचे गाव मात्र दूर, रेल्वेच्या लांबच लांब प्रवासावर. आणि त्या दिवसांत गाडीत जागा मिळणे हेच एक दिव्य.

जपानी सैन्य आले नाही. हळूहळू लोक परतले, काचांवरचे कागद जुने झाले. ११ ऑक्टोबर १९४३ रोजी या परतलेल्या शहरावर एका जपानी विमानाने मोजके बॉम्ब टाकले.