नभोवाणी आणि इतिहासाचें शिक्षण

इतिहास हा शाळेंतील सर्वांत रसाळ विषय असावयास हवा. पण बहुतेक विद्यार्थ्यांना तो सर्वांत रूक्ष वाटतो. राजांच्या वंशावळी, लढायांचे सन आणि तहांची कलमें पाठ करून परीक्षेची वेळ निभावली, कीं त्यांतलें फारसें कांहीं स्मरणांत राहत नाहीं. वर्तमानपत्रांतील घडामोडींची स्थिति ह्याच्या उलट. त्यांची चर्चा घरोघर चालते, पण त्यांचीं मुळें कोठें रुजलेलीं आहेत हें सहसा कोणी सांगत नाहीं. भूतकाळ आणि वर्तमान ह्यांची ही फारकत मिटविण्याचा एक मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नभोवाणीनें केला. त्याची हकीकत शिक्षकांनाच नव्हे, तर ज्याच्या घरीं मुलें आहेत अशा प्रत्येकाला उद्बोधक वाटेल.

इंग्लंडांत ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी १९२२ सालीं स्थापन झाली आणि ४ एप्रिल १९२४ रोजीं सर वॉलफोर्ड डेव्हिस ह्या संगीतज्ञांच्या व्याख्यानानें तेथील नियमित शालेय कार्यक्रमांस आरंभ झाला. आरंभींची कल्पना सरळ होती. देशांतील उत्तम विद्वान् ध्वनिक्षेपकासमोर बसवावा, म्हणजे दूरच्या खेड्यांतील मुलाच्या कानांवरही त्याची वाणी पडेल! अनुभव मात्र निराळा आला. विद्वान् आपलें भाषण प्रौढांच्या सभेंत वाचावें तसें वाचीत. ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे त्यांना दिसत नसत आणि मुलांना त्यांना थांबवितां येत नसे. १९२७ सालीं केंट परगण्यांतील शाळांतून कार्नेगी विश्वस्त निधीच्या साहाय्यानें ह्या सर्व व्यवस्थेची पद्धतशीर परीक्षा घेण्यांत आली. तींत असें दिसून आलें कीं, यंत्र चांगलें नसेल तर उत्तम भाषणही फुकट जातें. आणि यंत्र चांगलें असूनही पाठ मुलांच्या आवांक्यांतला नसेल, तर तो कानांवरून नुसता वाहून जातो. शालेय विभागाची धुरा पुढें ज्यांनीं वाहिली, त्या मेरी सॉमरव्हिल ह्यांनीं वर्गांत मुलांमध्यें बसूनच आपल्या कार्यक्रमांची पारख करण्याचा पायंडा पाडला. १९२९ सालीं शिक्षकांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या प्रतिनिधींचा समावेश असलेलें शालेय नभोवाणीचें मध्यवर्ती मंडळ स्थापन झालें. पाठ कोणते द्यावे आणि कसे द्यावे, ह्यांत वर्गाचा आवाज त्यामुळें उमटूं लागला.

ह्याच सुमारास इतिहासाच्या पाठांना नवें वळण देणारी एक विदुषी पुढें आली. तिचें नांव रोडा पॉवर. १९१७ च्या राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्या रशियांतील रोस्टोव्ह शहरीं शिक्षिका म्हणून राहत होत्या. तेथील अनुभवांवर त्यांनीं १९१९ सालीं पुस्तकही प्रसिद्ध केलें. आजची बातमी उद्यां इतिहास कशी होते, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या भगिनी आयलीन पॉवर ह्या मध्ययुगाच्या थोर अभ्यासक. मध्ययुगीन माणसांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९२४ सालचा. त्यांत राजाचें नव्हे, तर बोडो नांवाच्या एका सामान्य कुणब्याचें चरित्र अग्रभागीं आहे. पॅरिसजवळच्या एका मठानें नवव्या शतकाच्या आरंभीं आपल्या जमिनींची, कुळांची व त्यांच्याकडून येणें असलेल्या खंड-वेठीची जी नोंदवही ठेविली होती, तिच्या आधारें हें चित्र रेखाटलेलें आहे. इतिहासांतील मुलामुलींच्या कथांचें एक पुस्तक दोघी बहिणींनीं मिळून १९२६ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तीच दृष्टि रोडा पॉवर ह्यांनीं नभोवाणीवर नेली.

त्यांची पद्धति थोडक्यांत अशी. सनावळीऐवजीं माणूस पुढें आणावयाचा. तो शक्य तों श्रोत्यांच्याच वयाचा, म्हणजे एखाद्या कारागिराचा उमेदवार, कुळाची मुलगी किंवा मठांतील विद्यार्थी. तो काय खातो, कोणाला भितो, कोणासाठीं राबतो, हें संवादांतून ऐकवावयाचें. त्या काळचें संगीत, बाजाराचा गलबला, घंटानाद अशा ध्वनींची जोड देऊन प्रसंग उभा करावयाचा. मुलांच्या हातीं सचित्र पुस्तिका अगोदर पोंचलेली असे, त्यामुळें कान ऐकत असतां डोळ्यांनाही काम मिळे. आणि पाठ संपला म्हणजे काम संपलें, असें नसे. यंत्र बंद झाल्यावर शिक्षकानें प्रश्न विचारावे, नकाशा काढवावा, मुलांकडून लिहवून घ्यावें, अशी अपेक्षा असे. नभोवाणी शिक्षकाची जागा घेण्यासाठीं नसून त्याचा हात बळकट करण्यासाठीं आहे, हें सूत्र येथें दृढ झालें.

ह्यावर आक्षेप निघणें साहजिक होतें. जो संवाद कधीं कोणी टिपून ठेविला नाहीं तो मुलांस ऐकविणें, हा इतिहास कीं कादंबरी? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. आपल्याकडे इतिहास शतकानुशतकें कानांवाटेंच घरांत आला. शाहिराचा पोवाडा आणि हरिदासाचें आख्यान हीच सामान्य माणसाची इतिहासाची शाळा होती. पुढें इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेंत अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घांसून पाहिल्या. बखरींतील रसाळ हकीकत आणि समकालीन कागद ह्यांत केवढें अंतर पडूं शकतें, हें त्यामुळें लोकांच्या ध्यानीं आलें. परंतु ह्यावरून कथाच टाकून द्यावी, असें ठरत नाहीं. कथेचा पाया कागदावर असावा, आणि पाया कोठें संपतो व कल्पना कोठें सुरू होते हें ऐकणाऱ्याला कळावें, एवढेंच ठरतें. बोडोची कथा ह्या कसोटीस उतरते, कारण तिच्या मागें नोंदवही उभी आहे.

चालू घडामोडींचा प्रश्न ह्याहूनही नाजूक. आरंभींच्या वर्षांत ब्रिटिश नभोवाणीला वादग्रस्त राजकीय विषयांवर बोलण्याचीच बंदी होती. ती १९२८ सालीं उठली. त्यानंतरच्या दशकांत कमांडर स्टीफन किंग-हॉल ह्यांनीं मुलांस जगांतील घडामोडी समजावून सांगून मोठी लोकप्रियता मिळविली. ‘इतिहासाचा उलटा माग’ अशा अर्थाच्या नांवाची जी शालेय पाठमाला त्यांनीं चालविली, तिची युक्ति मार्मिक होती. आरंभ आजच्या गोष्टीपासून करावयाचा आणि एकेक पायरी मागें उतरत जावयाचें. उदाहरणार्थ, आज गिरणी बंद कां पडली, ह्या प्रश्नापासून निघालें तर परदेशांतील बाजारपेठ, तेथून आगगाडी व आगबोट, आणि तेथून वाफेचें यंत्र, असा प्रवास होतो. मुलाला सन पाठ करावा लागत नाहीं. त्याला त्याचें कारण हवें असतें म्हणून तो सन शोधतो. धोका इतकाच कीं, एकच धागा मागें ओढीत गेलें म्हणजे जें घडलें तें तसेंच घडावयाचें होतें, असा भ्रम होतो. तो दूर करण्याचें काम पुन्हां वर्गांतल्या शिक्षकाचेंच.

शिक्षक बाजूला सारला गेला, तर हेंच साधन काय करूं शकतें, हें त्याच दशकांत जर्मनीनें दाखविलें. १९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत ७६ मार्क किंमतीचा स्वस्त ‘लोकरेडिओ’ बाजारांत आला. सत्ताग्रहणाचा दिवस ३० जानेवारी. त्याचीच खूण म्हणून यंत्राच्या नांवांत ३०१ हा आंकडा घातला होता. तेथील शालेय नभोवाणीवरही कथा होत्या, संगीत होतें, पूर्वजांच्या पराक्रमाचीं नाट्यें होतीं. मुलांना प्रश्न विचारण्याची मुभा तेवढी नव्हती. वंशद्वेषाचे पाठ इतिहासाच्या वेषांत वर्गांत शिरले, ते ह्याच मार्गानें. साधनें दोन्हीं देशांत सारखींच होतीं. फरक पडला तो यंत्र बंद झाल्यावर वर्गांत काय चालतें, ह्यामुळें.

मतभेद इंग्लंडांतही झाले. प्राचीन सृष्टीची व आदिमानवाची कथा सांगणारी रोडा पॉवर ह्यांची माला १९४० नंतरच्या दशकांत चालू असतां, उत्क्रांतिवाद ज्यांना मान्य नव्हता अशा मंडळींनीं तिला जाहीर विरोध केला. परंतु विरोध उघडपणें करतां आला, ह्यांतच त्या व्यवस्थेचें आरोग्य दिसून येतें.

भारतांत १९३६ च्या जून महिन्यांत ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव रूढ झालें. त्याचे पहिले नियंत्रक लायनेल फील्डन हे लंडनच्या नभोवाणींतूनच आले होते. स्वातंत्र्यापूर्वींच मुंबईसह कांहीं केंद्रांवरून शाळांसाठीं कार्यक्रम सुरू झाले. पण यंत्रांची टंचाई आणि वेळापत्रकाचा मेळ ह्या अडचणी येथें फार मोठ्या होत्या. त्यांतली एक आतां उरलेली नाहीं. त्या काळीं निसटलेलें वाक्य कायमचें निसटे. आज ध्वनिमुद्रित कथा हवी तेथें थांबवितां येते, मागें नेतां येते, पुन्हां ऐकवितां येते. पूर्वीं शिक्षकाला पाठ संपेपर्यंत वाट पाहावी लागे. आतां तो मध्येंच थांबवून तीन प्रश्न विचारूं शकतो. हें कोण सांगतो आहे? त्याला तें कशावरून कळलें? आणि जो ह्या कथेंत बोलत नाहीं, त्याचें म्हणणें काय असेल? हे तीन प्रश्न ज्या मुलाच्या अंगवळणीं पडले, त्याला पोवाडाही निर्धास्तपणें ऐकवावा आणि बातम्याही.