‘नॉर्मल’ या शब्दाचा इतिहास

शास्त्रातील संज्ञा वस्तूचा स्वभाव सांगतात, असे आपण साहित्याचे अभ्यासक गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही संज्ञा केवळ आपला इतिहास सांगतात. द्रव-वर्णलेखनातील, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीतील, ‘नॉर्मल फेज’ ही संज्ञा त्यांपैकी एक होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सा येथे मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली, तीत पानांचा अर्क ओतला व वरून द्रावक सोडला. रंगांचे पट्टे वेगळे झाले. कॅरोटीन पुढे निघून गेले, हरितद्रव्ये मागे राहिली. १९०६ मध्ये त्याने या रीतीस ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव दिले. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थही ‘रंग’ असाच आहे.

या विलगीकरणाचे मर्म धारणेत आहे. नळीतील स्थिर पदार्थ, उदाहरणार्थ सिलिका, ध्रुवीय असतो. वाहता द्रावक, उदाहरणार्थ हेक्झेन, जवळजवळ अध्रुवीय. ध्रुवीय रेणू सिलिकेच्या पृष्ठभागास धरून राहतात, इतर वाहून जातात. द्रावकात थोडे अल्कोहोल मिसळले की तेही पृष्ठभागावरील जागेसाठी स्पर्धा करते आणि अडकलेले रेणू सुटू लागतात.

१९५० मध्ये हॉवर्ड व मार्टिन यांनी हा क्रम उलटा केला: स्थिर पदार्थ अध्रुवीय, द्रावक ध्रुवीय. या रीतीस ‘रिव्हर्स्ड फेज’ म्हटले गेले. उलटी रीत आल्यामुळेच जुन्या रीतीस ‘नॉर्मल’ म्हणण्याची गरज पडली. आज यंत्रावरील बहुतेक विश्लेषण उलट्या रीतीने होते. तरी ‘नॉर्मल’ हे बिरुद जुनीकडेच आहे.

जुनी रीत मात्र निकामी झाली नाही. अणू तेच, पण मांडणी निराळी, असे रेणू वेगळे करण्यात तिचा हात धरणे कठीण. १९५० मध्येच उद्घाटन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकेत सिल्व्हर नायट्रेट मिसळून दुहेरी बंध असलेली संयुगे वेगळी करण्यावर १९६०च्या दशकात काम केले. आयुर्वेदातील गुग्गुळावर त्यांचा शोधनिबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ई व झेड ही दोन गुग्गुलस्टेरोने अशीच जुळी आहेत: एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी तेवढी वेगळी.

आम्हांला या इतिहासाचे महत्त्व भाषेच्या वर्गात जाणवते. एकोणिसाव्या शतकात कोश, व्याकरणे व क्रमिक पुस्तके सिद्ध होत असताना पुण्याकडील बोलीस ‘प्रमाण’ हे स्थान मिळाले. तिथे कारण प्राचीनत्वाचे नव्हते, छापखान्याचे व शाळेचे होते. तरी नाव पडल्यावर ते स्वभावधर्म वाटू लागते, हे दोन्हीकडे सारखेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमधील, पुष्कळ विद्यार्थी घरची बोली ‘अशुद्ध’ समजून वर्गात गप्प बसतात. ‘प्रमाण’ हा शब्द कधी व कोणी लावला, हे त्यांना शिकवणे आम्हांस व्याकरणाइतकेच आवश्यक वाटते.