गाठीतले जागले

रोग कापून काढला, जखम भरून आली, रोगी घरी परतला. आणि वर्षा-दोन वर्षांत तोच रोग पुन्हा उभा राहिला. हा अनुभव वैद्यकाइतकाच जुना आहे. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते लवकरच पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे, असे सुश्रुतसंहितेत बजावले आहे. यवतमाळच्या काळ्या जमिनीत ज्याने हरळी खणली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. परंतु गाठ सारखीच, शस्त्रक्रियाही सारखीच, आणि तरी एकाचा रोग परततो, दुसऱ्याचा परतत नाही, असे का व्हावे? मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते या प्रश्नाचे उत्तर कसे सापडत गेले, ती हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१८६३ साली जर्मन पंडित रुडोल्फ फिर्शो याने कर्करोगाच्या गाठींत रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. त्याला वाटले, जेथे सतत दाह चालतो तेथे कर्करोग उपजतो, आणि या पेशी त्या दाहाच्या खुणा होत. म्हणजे चोरी झालेल्या शेतात जागल्या सापडला, आणि चोरीचा संशय त्याच्याकडेच वळला! पुढे १८८२ मध्ये मेसिना येथे एली मेचनिकॉफ याने तारामाशाच्या पारदर्शक पिलात काटा टोचला, तेव्हा त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या. या पेशी शरीराचे रक्षण करतात, हा विचार तेथून रुजला. १९०९ साली पाउल एर्लिख याने असे सुचविले की, शरीरात कर्करोगाचे अंकुर वारंवार फुटत असावेत, पण शरीराचे संरक्षण ते दाबून टाकीत असावे. कल्पना तेजस्वी होती. पुरावा मात्र नव्हता.

दरम्यान शल्यवैद्यांना व्यवहारी मापाची निकड होती. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी ते १९३२ साली दिले. गुदाशयाची गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली की नाही, यावरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. आजच्या पायऱ्यांचा पायाही तोच आहे. पण हे माप शत्रू किती आत शिरला एवढेच सांगते. घरच्यांचा प्रतिकार किती, हे त्यात येत नाही.

आपल्याकडेही या विद्येची पायाभरणी झाली. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगग्रस्त ऊतींच्या तपासणीला शिस्त लावली, आणि १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी तेथे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. गाठीकडे पेशींच्या नजरेने पाहण्याची सवय महाराष्ट्राला या पिढीने लावली.

सेंट मार्क्समध्येच जेरेमी जॅस यांनी १९८७ साली गाठीच्या कडेला जमलेल्या लसिका पेशींना रोगाच्या वर्गीकरणात स्थान दिले. तथापि नुसत्या डोळ्यांच्या अंदाजात माणसागणिक फरक पडतो. २००६ साली पॅरिसमध्ये जेरोम गालाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींची रीतसर मोजदाद केली: कोणत्या जातीच्या, किती दाट आणि नेमक्या कोठे. शेताच्या मध्यात जागले किती आणि धुऱ्यावर किती, असा तो हिशेब होता. दोन्हीकडे टी पेशी, विशेषतः मारक टी पेशी, दाट असतील तर रोग परतण्याचा संभव कमी, असे दिसले. या पेशींना शत्रूची ओळख लक्षात राहते. त्यामुळे गाठ काढल्यावर अन्यत्र दडलेल्या चुकार पेशींचाही त्या समाचार घेत असाव्यात, असे मानतात.

हे माप १३ देशांच्या सहकार्याने पारखले गेले. त्यात अहमदाबादची गुजरात कर्करोग संस्थाही होती. २०१८ साली २६८१ रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांतील पहिल्या गटात, पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण पेशी विपुल असलेल्यांत शेकडा ८, मध्यम असलेल्यांत १९, आणि तुटपुंज्या असलेल्यांत ३२ होते.

या आकड्यांचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. शस्त्रक्रियेनंतर पुढे औषधांचा मारा करावा की नको, हा दुसऱ्या पायरीच्या रोग्यापुढे खरा पेच असतो. वणी-पुसदकडच्या कुटुंबाला त्यासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागली, तर हंगाम बुडतो, कर्ज होते, आणि औषधाचा त्रास वेगळाच. ज्याला गरज नाही त्याचा हा भार वाचावा, आणि ज्याला गरज आहे त्याला तो वेळेवर मिळावा, एवढ्यासाठी ही मोजणी. मात्र ती संभव सांगते, भविष्य नव्हे. जुन्या पायऱ्यांच्या जोडीला ती वापरायची, त्यांच्या जागी नव्हे.

फिर्शोला या पेशी दिसल्यापासून त्यांची रीतसर गणती होईपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली. शास्त्राला असा विलंब परवडतो. रोग्याला परवडत नाही. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने गावठी उपाय करीत राहण्याची आपली रीत आहे. ती मोडून वेळीच तपासणी करून घेतली, तर जागल्यांची लढाईही सोपी होते आणि वैद्याचीही.