काठावरचा माणूस

पाण्यात पडले म्हणजे पोहता येते, असे आपण सहज म्हणतो. पहिल्यांदा नोकरीवर निघालेल्या मुलाला म्हणतो, सासरी निघालेल्या मुलीलाही म्हणतो. पण वाचकहो, ही म्हण ज्या विहिरींच्या काळातली, त्या विहिरीवर जरा जाऊन पाहू या.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट. एवढे खोल पाणी, पण तिथे उतरायला दगडी जिना आहे. पाणी कुठे सुरू होते हे माणसाला दिसते. जुन्या बांधणाऱ्यांनी पाणी खोदले, तशी त्याची वाटही बांधली.

अशाच गावोगावच्या विहिरींवर पोरे पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचे हलके लाकूड, पुढे पुढे पत्र्याचा बंद डबा. कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काका-मामाच्या हातात. मग मागून धक्का! पोरगे गटांगळी खाई, दोर ताणला जाई, आणि चार दिवसांत ते पाणी कापू लागे. म्हणीत पाणी राहिले, पडणे राहिले, पोहणेही राहिले. काठावरचा दोर धरलेला माणूस तेवढा म्हणीतून गळाला.

आता कोयनानगरला या. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. या नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि त्यामागे शिवसागर जलाशय पसरला. कितीतरी गावे पाण्याखाली गेली. त्यांच्याबरोबर ओळखीचे डोहही गेले. अमुक खडकापलीकडे जाऊ नको, हे आजी सांगू शकत होती, कारण तो खडक तिला ठाऊक होता. जलाशयाला असा खडक नाही. तो काठ म्हणजे बुडालेल्या डोंगराची उतरण. दोन पावले गुडघाभर पाणी, तिसऱ्या पावलाला ठाव नाही. शिवाय पावसाळ्यात भरलेला जलाशय उन्हाळ्यात खूप खाली जातो. दिवाळीतला काठ मे महिन्यात राहत नाही. तिथे वरून वाळलेला आणि आतून ओला असा गाळ असतो.

धरणाखालची नदीही बदलली. पूर्वी पाणी वाढायचे ते पाऊस पाहून. आता पायथा विजगृहातून पाणी सुटले की कडक उन्हातही नदी चढते. विजगृहाची दोन्ही यंत्रे चालू असली तर सेकंदाला २,१०० घनफूट, म्हणजे जवळजवळ ६० हजार लिटर पाणी येते. मघा ज्या दगडावर लेकरू बसले होते, तो दगड पाहता पाहता बुडतो. म्हणून भोंगा वाजला की कपडे, भांडी तिथेच टाकून आधी वर यायचे.

आणि आता या डोंगरांत पर्यटकांसाठी पोहण्याचे तलाव आले, गरम पाण्याचे हौद आले. निळे, नितळ, गुळगुळीत फरशीचे. त्यांना पाहून भीती वाटत नाही, हाच त्यांचा धोका. तलावाला चारी बाजूंनी कुंपण हवे, फाटक आपोआप मिटणारे हवे आणि त्याची कडी लहान मुलाच्या हाताला न पोचणारी हवी. तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या भोकावरची जाळी शाबूत आहे ना, ते आधी पाहावे. तिथे केस अडकतात. खेळ संपला की चेंडू पाण्यात तरंगत ठेवू नये. मूल त्याच्यामागे जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांतले जवळजवळ चौथे पाच वर्षांखालचे मूल होते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली, ओरडणार कसे? आपण स्वयंपाकघरातून कान देऊन बसतो आणि पाणी मुकाट्याने आपले काम करते.

बाहेर काढल्यावर काय? १७६७ साली अ‍ॅमस्टरडॅमला बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. त्या काळी युरोपात अशा माणसाला पिंपावर लोळवीत. आपल्याकडे पालथे घालून गरगर फिरवीत. पोटातले पाणी काढायचे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. पण खरी उणीव असते ती श्वासाची. १९६० च्या सुमारास डॉक्टरांनी तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे यांची सांगड घातली. श्वास बंद असेल तर आधी पाच श्वास द्या, मग तीस वेळा छाती दाबा, दोन श्वास द्या, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. हे शिकायला एक दुपार पुरते.

आणखी एक. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे घरेच्या घरे गेली आहेत. दोर फेका, साडी फेका, रिकामा बंद डबा फेका.

सुटीत शिवसागरावर जाल तेव्हा लाँचमध्ये तरंगते जाकीट लहानथोर सगळ्यांना घाला. आणि पाण्याशी पोचताच एकाचे नाव घ्या: 'आता अर्धा तास मुलांकडे तू पाहा.' सगळेच पाहतात तेव्हा कुणीच पाहत नाही. ज्याचे नाव घेतले, त्याने फोन खिशात ठेवावा, गप्पांत पडू नये. अर्ध्या तासाने पाळी बदलावी.

विहिरीवरचा काका तेवढेच तर करीत होता.