कळ गेली, अक्षर राहिले

मंडळी, टाइपरायटर आठवतो ना? तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासमधून दिवसभर खडखडाट ऐकू यायचा. मिनिटाला ३० मराठी शब्दांची सरकारी परीक्षा पास झाली की कारकुनीची आशा धरायची. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला. त्या यंत्रात कळ म्हणजे खिळा. दाबली की कागदावर आपटणार, संशयाला जागा नाही. पण देवनागरी मोजक्या कळांत बसवायची म्हणून अक्षरांचे तुकडे झाले. काही अक्षरे अर्धी मारून, काना लावून पुरी करायची. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी, कारण ती डावीकडे दिसते! जिभेचा क्रम एक, बोटांचा दुसरा.

हा क्रम संगणकाने सुधारला. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातही आधी व्यंजन, मग वेलांटी. आमचे काष्टी आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचे गाव, युनिकोडच्या खात्यावर मात्र सहा नोंदी: क, काना, ष, पाय मोडायची खूण, ट, वेलांटी.

२००७ मध्ये आयफोन आला आणि कळाच गेल्या. अँड्रॉइडचा २००८ चा पहिला फोन बाहेर सरकणारा खराखुरा कळफलक घेऊन आला होता, पडद्यावरचा आला २००९ मध्ये. गोम इथेच आहे. पडद्यावर दिसते ते कळीचे चित्र. कळफलक हेच एक वेगळे ॲप, ते शब्द जुळवते, मध्येच बदलते आणि मजकूर दुसऱ्या ॲपच्या हवाली करते. ‘अमुक कळ दाबली’ असा निरोप येईलच असे नाही, हे अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीतच बजावलेले आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तर बहुतेक कळांना एकच आकडा येतो, २२९. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्वरचक्र’ पाहा. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटते, बोट सरकवले की मात्रेसकट अक्षर तयार. यात कळ कुठली म्हणायची?

कळफलक वर आला की खालचे ‘पुढे’ बटण झाकले जाते, ही तर माझ्या वयाच्या सगळ्यांची तक्रार. कळफलक उघडल्याची खबर आयफोनवरच्या ॲपला २००८ पासून मिळते. अँड्रॉइडवर तिची नीट सोय झाली २०२० मध्ये, अकराव्या आवृत्तीत. तोवर ॲप लिहिणारे पडद्याची उंची किती घटली ते मोजून अंदाज बांधत. (आमच्या बाजारात दात पाहून बैलाचे वय सांगतात, तसेच!)

असो. झाकलेले बटण शोधून सापडते, बिघडलेल्या नावाचे काय? मध्यंतरी एका अर्जाच्या ॲपने गावाचे नाव ‘कषट’ करून टाकले आणि तालुका ‘शरगद’. (श्रीगोंदा हो!) माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात ॲप बनवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, ‘फक्त अक्षरे चालतील’ अशी गाळणी लावलेली असणार. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नाहीत, खुणा आहेत. त्या गळतात." म्हणजे ज्ञानेश्वर नावाचा पोरगा होणार ‘जञनशवर’. शाळेच्या दाखल्यावर एक आणि अर्जावर दुसरेच नाव, मग शिष्यवृत्तीसाठी बापाने रोजगार बुडवून खेटे घालायचे. बारीक गोष्ट नव्हे ही.

उपाय त्याने सांगितला तो असा: कळ कोणती ते विचारायचेच नाही, चौकटीतला मजकूर कसा बदलला ते पाहायचे. शब्द जुळत असताना त्याला हात लावायचा नाही, पुरा झाल्यावर तपासायचा, आणि गाळणीतून खुणाही जाऊ द्यायच्या. "तपासायला अवघड नावे द्या की, सर," म्हणाला. मी त्याच संध्याकाळी पाठवली: ज्ञानेश्वर, लक्ष्मी, श्रीगोंदा, कऱ्हाड, आणि अर्थातच काष्टी.