डिस्क पार्टिशन
डिस्क पार्टिशन : हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील जागेचे स्वतंत्र विभाग. प्रत्येक विभागाची फाइल सिस्टिम वेगळी असू शकते. विंडोज त्यांना सी, डी अशी अक्षरे देते. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक विभाग करता येतात आणि ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टेराबाइटपुढची जागा वापरता येत नाही. नंतरच्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर १२८ विभाग होतात आणि विभागांच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

लॅपटॉपवर हमखास अडचण येते ती सी ड्राइव्ह भरल्यावर. डी मध्ये भरपूर जागा असूनही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय पुसट दिसतो. कारण मोकळी जागा सी ला लागून, उजव्या बाजूलाच असावी लागते. डी लहान केला, तर जागा सुटते ती त्याच्या शेवटाकडे, म्हणजे सी पासून दूर. मध्ये रिकव्हरी विभाग असला तरी वाट अडते. असा विभाग मध्ये नसेल, तर डी मधील फाइल्स अन्यत्र हलवून डी विभागच काढून टाकावा लागतो.

एसएसडीवर विभाग पाडल्याने वेग वाढत नाही. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर एकच मोठा सी ठेवणे सोयीचे. वेगळा विभाग म्हणजे बॅकअपही नव्हे : डिस्क बिघडली, की सी आणि डी दोन्ही जातात. विभागांना हात लावण्यापूर्वी फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य घ्यावी.