बाटलीवरचं नाव आणि डगल्याचा रंग

असईची लढाई मिनिएचर शिपायांच्या खेळात टेबलावर मांडायची ठरली की पहिला वाद रंगावरून होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर ब्रिटिश सेनापती वेलस्लीचं सैन्य चालून गेलं. त्यात ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणी होत्या. हे शिपाई २८ मिलिमीटरच्या मिनिएचरमध्ये रंगवायला घेतले की कोणी ना कोणी विचारतोच, “लाल नेमका कुठला?”

या प्रश्नामागे एक पक्का समज आहे. संग्रहालयातला डगला पाहावा, त्याच्याशी तंतोतंत जुळणारी छटा शोधावी आणि ती जशीच्या तशी मिनिएचरवर चढवावी. रंगाच्या बाटल्यांवरची नावंही हा समज घट्ट करतात. ‘ब्रिटिश स्कार्लेट’, ‘प्रशियन ब्लू’, ‘रशियन ग्रीन’ असं लेबल दिसलं की इतिहासाचा प्रश्न दुकानातच सुटल्यासारखा वाटतो.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करायला हवं. ७४व्या पलटणीची फेसिंग, म्हणजे गळपट्टी आणि मनगटपट्ट्या, पांढरी होती आणि ७८वीची बफ, म्हणजे फिकट पिवळसर. ही अदलाबदल झाली तर मांडणी चुकली, यात मला तिळमात्र शंका नाही. जुने गणवेश-नियम चाळून पलटणींची ओळख शोधणाऱ्या अभ्यासकांचं या छंदावर मोठं ऋण आहे. पण कॉलर पांढरी की बफ हा एक प्रश्न आणि डगल्याचा लाल अमुक एका चकतीशी जुळतो का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कागदपत्रांत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर तिथे शोधणं ही मुळातलीच चूक आहे.

आधी त्या डगल्याकडेच पाहू. साध्या शिपायाचं कापड मॅडरने रंगवलेलं असे. आपल्या मंजिष्ठेची ही युरोपातली बहीण. तिच्या मुळांपासून मिळणारा लाल विटकरीकडे झुकतो. अधिकाऱ्याचा झगझगीत स्कार्लेट येई तो कोचिनियल या मेक्सिकोच्या निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून. किड्यापासून लाल काढण्याची रीत आपल्यालाही अनोळखी नाही. ‘किरमिजी’ या शब्दातच तो किडा दडलेला आहे. म्हणजे एकाच पलटणीत, एकाच रांगेत दोन लाल होते. त्यातून संग्रहालयांत आज टिकलेले डगले बहुतांशी अधिकाऱ्यांचे आहेत, कारण शिपायाचा डगला अंगावरच फाटून संपे. त्या नमुन्यावरून जुळवलेली छटा शिपायाच्या अंगावर चढवणं म्हणजे सगळ्या पलटणीला अधिकाऱ्यांचं कापड वाटून टाकणं. शिवाय हे लोक ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेऊन, दख्खनच्या पावसात आणि उन्हात चालत असईला पोचले होते. त्यांचे डगले एकसारखे लाल राहिले असतील असं मानायला मन धजत नाही.

आता डोळ्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. १७० सेंटिमीटरचा माणूस २८ मिलिमीटरमध्ये आणला की प्रमाण सुमारे १:६० होतं. टेबलावरचा शिपाई आपण ६० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरा माणूस ३६ मीटरांवरून पाहावा तसा. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यावरून एक लोकप्रिय निष्कर्ष काढला जातो, की मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो, म्हणून प्रत्येक बाटलीत थोडा पांढरा मिसळावा. हा निष्कर्ष माझ्या बाजूचा वाटतो, तरी तो मला मान्य नाही. ३६ मीटरांवर हवेचा असा काय पडदा येणार? समोरच्या फुटपाथवरचा लाल सदरा आपल्याला लालच दिसतो. सह्याद्रीच्या रांगा निळ्या दिसतात त्या कित्येक किलोमीटरांवरून.

खरं कारण प्रकाशात आहे. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. घरच्या दिव्याखाली तीनशे-चारशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. प्रकाश वाढला की तोच रंग डोळ्याला अधिक रंगीत भासतो, हे आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं आणि त्या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. उजेड-सावलीतला फरकही प्रखर प्रकाशात जास्त ठसठशीत वाटतो. असईच्या माळावर दुपारच्या उन्हात उभा असलेला लाल डगला आणि घरातल्या ट्यूबखाली ठेवलेला त्याच कापडाचा तुकडा, यांचा रासायनिक रंग एकच असतो. दिसणं मात्र एक नसतं. शिवाय, खऱ्या माणसाच्या बाहीच्या चुणीत जशी गडद सावली साचते तशी दोन मिलिमीटरच्या बाहीवर खोलीच्या पसरट उजेडात साचत नाही. कापडाशी जुळवलेला रंग मिनिएचरवर सपाट आणि काळपट दिसतो तो यामुळेच. मी स्वतः एकदा कापडाच्या नमुन्यावरून बारा शिपाई रंगवले होते. हातात धरून पाहिले तेव्हा समाधान वाटलं. टेबलावर रांगेत लावले तेव्हा ते वाळलेल्या बिब्ब्यांसारखे दिसले. म्हणून इथे चित्रकाराला ऊनच रंगवावं लागतं. उजेडाच्या जागा कापडापेक्षा उजळ, सावलीच्या जागा कापडापेक्षा गडद, आणि मधला रंग थोडा जास्त जिवंत.

बाटलीतल्या द्रवालाही स्वतःचं म्हणणं असतं. सिटाडेल, वायेहो, आर्मी पेंटर, कोणाचाही रंग घ्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या जुळतील याची हमी नाही. अ‍ॅक्रिलिकचा बाइंडर ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, म्हणून पॅलेटवर जुळलेला रंग वाळल्यावर गडद होतो. टायटॅनियम पांढऱ्याचा अपवर्तनांक २.७च्या आसपास आणि रेझिनचा १.५, म्हणून तो खालचं सगळं झाकतो. पुष्कळसे झगझगीत लाल सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यांची झाकण्याची ताकद कमी असते. तोच लाल काळ्या प्रायमरवर मरगळतो, पांढऱ्यावर कच्चा दिसतो, विटकरी तपकिरी थरावर खोल आणि उबदार होतो. मग एका बाटलीतून निघालेल्या या तीन रंगांपैकी ‘ब्रिटिश स्कार्लेट’ कुठला म्हणायचा? लेबल याचं उत्तर देऊ शकत नाही.

पातळ करण्याबद्दलही असाच अर्धा सल्ला फिरतो, पाणी घाला आणि दोन पातळ थर द्या. थर पातळच हवेत. पण निव्वळ पाणी ओतत गेलं की बाइंडर विरळ होतो, थर कच्चा राहतो आणि रंगद्रव्य कडांना जाऊन डाग पाडतं. लाल-पिवळ्यासारख्या रंगांत थोडं मॅट मीडियम घातलं तर हे टळतं.

मी आता असईचे शिपाई असे रंगवतो. आधी लालसर तपकिरी थर. त्यावर लालमध्ये बर्न्ट सिएना मिसळून मॅडरचा रंग, पण प्रत्येक पाच-सहा शिपायांमागे मिश्रण जरा बदलून. अधिकाऱ्याला मात्र निर्भेळ लाल. हायलाइटला पांढरा नाही, कारण डगला गुलाबी होतो. नारिंगी किंवा त्वचेचा रंग घ्यावा. सावलीला काळा नाही, गडद तपकिरी-लाल. आणि हे सगळं त्याच दिव्याखाली, ज्याच्याखाली पुढे खेळ होणार आहे.

“मग काहीही चालेल का?” असा आक्षेप येतो. काहीही चालणार नाही. रंगांमधली नाती मोडता कामा नयेत. शिपाई अधिकाऱ्यापेक्षा विटकरी दिसलाच पाहिजे. पांढरी फेसिंग मी उबदार फिक्या करड्यावर रंगवतो आणि शुद्ध पांढरा फक्त वरच्या कडेला देतो. बफच्या बाबतीत तर नमुन्याशी जुळवणं सरळ धोक्याचं आहे. कापडाइतकाच फिका बफ दीड मिलिमीटरच्या मनगटपट्टीवर दिला की हाताच्या अंतरावरून तो पांढराच वाटतो, आणि ७४वी-७८वी वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून ७८वीच्या मनगटपट्टीवर मी कापडापेक्षा एक-दोन पायऱ्या गडद, गेरूकडे झुकणारा पिवळा देतो. नमुन्याच्या चकतीशेजारी धरला तर तो चुकीचा ठरतो, पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला कोणती पलटण कुठे उभी आहे ते न विचारता कळतं.